लताच्या भिंतीवरचं कॅलेंडर

नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणते आणि मनात दिगंबर. इथे सगळं मनातलंच सांगायचं आहे, तेव्हा दिगंबरच म्हणते.

एकोणनव्वद सालच्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी दिगंबरने डायनिंग टेबलावर एक यंत्र आणून ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, वर काचेआड काटा, शून्यापासून चाळीसपर्यंत आकडे आणि वायरीच्या टोकाला दोन लांब सुया. घराच्या भिंतीला बाहेरून दोन बारीक भोकं पाडायची, आतल्या लाकडाला टेकेपर्यंत सुया सरकवायच्या, की लाकडात पाणी किती आहे ते काटा सांगतो. पंधराच्या आत असेल तर लाकूड ठणठणीत. विसाच्या वर गेलं तर काळजी. तिसाच्या वर गेलं म्हणजे आत कुजायला लागलेलं. मी कांदा चिरत होते तेवढ्यात त्याने हे मला दोनदा समजावून सांगितलं.

"तू फक्त वही धर आणि आकडे लिही," तो म्हणाला. "ड्रिल आणि वही दोन्ही मला जमायचं नाही."

मी बरं म्हटलं. मला त्या यंत्राची गरज नव्हती. पाणी कुठल्या घरात कुठल्या खिडकीखाली आहे हे मला तोंडपाठ होतं. गल्लीतल्या लताला माहीत होतं, तिच्या नवऱ्याला माहीत होतं, संध्याला, प्रसन्नला, सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या दिगंबरला, आणि त्याला ते कळू नये म्हणून आम्ही सगळे दोन वर्षं राबत होतो.

अमेरिकेत पार्सिपनीला आमची चार मराठी घरं एकाच गल्लीत आहेत आणि चारही चौऱ्याऐंशी साली बांधलेली. बांधताना बाहेरच्या भिंती कशाच्या करायच्या यावर पुष्कळ खल झाला. दिगंबर तेव्हा नुकताच एका सिंथेटिक स्टकोच्या कंपनीत लागला होता. दिसायला भिंत छान गिलावा केल्यासारखी दिसते, पण आत प्लायवूड, त्यावर थर्माकोल, त्यावर जाळी आणि सगळ्यावर बोटभरही जाड नसलेला लेप. "म्हणजे थर्माकोलच्या खोक्यात राहायचं म्हण की," असं लताचा नवरा पुरुषोत्तम म्हणाला होता. त्यावर दिगंबरने लेप दिलेला एक तुकडा आमच्या सिंकमध्ये दिवसभर नळाखाली धरला आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर सुरीने कापून दाखवला. आत कोरडा. मग काय, दिगंबरने सांगितलं म्हणजे बघायलाच नको. चारही घरांना तोच लेप लागला, आणि त्यानंतर कितीतरी महिने आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला भिंतीवर टकटक करून बघावी लागायची.

लेपातून पाणी आत जात नाही, हे खरंच होतं. पाणी गेलं खिडक्यांच्या कोपऱ्यांतून. आणि एकदा आत गेलेलं पाणी त्याच लेपातून बाहेर यायचं कसं, हा प्रश्न सिंकपाशी कोणालाच सुचला नव्हता.

कंपनीची गॅरंटी पाच वर्षांची होती. ती या एकतीस ऑक्टोबरला संपत होती. तोपर्यंत भिंत ओली सापडली तर कंपनी सगळं सोलून नवीन करून देणार, नंतर नाही. कुठेतरी समुद्राकाठच्या गावांतून तक्रारी यायला लागल्या होत्या, म्हणून कंपनीने काही जुनी घरं तपासायची ठरवली. तेव्हा मीटिंगमध्ये दिगंबरनेच हात वर केला. माझ्या मित्रांची घरं आहेत, पाच वर्षं झाली, एक तक्रार नाही, मी मोजून आणतो. रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. त्यात चारही घरं कोरडी निघाली की विषय संपला, आणि घरांची गॅरंटीही संपली. एक तक्रार नाही हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तक्रार करणार कोण?

आता हे का केलं, ते सांगायला हवं. ब्याऐंशी साली दिगंबरची नोकरी गेली. तो रंगाच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडला. कारखाने बंद पडतातच, माणसं दुसरीकडे जातात. दिगंबर आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये गेला. सात महिने तो खाली बसून होता आणि त्या सात महिन्यांत तो माझ्याशी धड बोलला नाही. मी सकाळी ताट पायरीवर ठेवून बँकेत कामाला जायची आणि संध्याकाळी ते उचलायची. आमची दीपा तेव्हा दहा वर्षांची होती. ती पायरीवर बसून खाली तोंड करून त्याला शाळेतलं काही काही वाचून दाखवायची. पुरुषोत्तम दर रविवारी यायचा, तासभर खाली त्याच्याशेजारी बसायचा आणि वर येऊन माझ्याकडे न बघता जायचा. ते दिवस आमच्या सगळ्यांच्या चांगले लक्षात आहेत. माझ्यापुरतं बोलायचं तर मला जे काही वाटायचं होतं ते त्या सात महिन्यांत वाटून झालं. पुढे काही उरलं नाही.

सत्त्याऐंशीच्या वसंतात लताचा फोन आला. "शरयू, तू रागावू नकोस हं. दिवाणखान्यात खिडकीखाली डाग आलाय. ह्यांनी दाबून बघितलं, तर भिंत मऊ लागतेय." मग म्हणाली, "दिगंबरभावजींना सांगायचं का?"

मी नको म्हटलं. विचारही केला नाही. पुढच्या महिन्यात संध्याचा फोन आला, मग गल्लीतल्याच शैलेंद्रच्या बायकोचा, सुमेधाचा. त्यांनाही मी नकोच म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. आपल्या लोकांत भीड किती असते ते काही वेगळं सांगायला नको. कंपनीला पत्र टाकायचं म्हणजे दिगंबरविरुद्ध टाकल्यासारखं. त्यापेक्षा डाग झाकणं सोपं.

त्याची आम्ही पद्धतच पाडली. कोणाकडे जायचं झालं की मी आधी फोन करायची, "आम्ही निघतोय." पाच मिनिटांत पलीकडे झाकाझाक व्हायची. लताकडे इंडियन ग्रोसरीवाल्याने फुकट दिलेलं बालाजीचं कॅलेंडर टांगलं जायचं. संध्याकडे वारली चित्राची फ्रेम. सुमेधाकडे दोघं मिळून पुस्तकांचं शेल्फ सरकवायची. आम्ही गेलो की सगळं खाली, कारण झाकून ठेवलं तर भिंत जास्तच सडते, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. दिगंबर कौतुकाने म्हणायचा, "शरयूचं बरं आहे, फोन केल्याशिवाय कोणाच्या दारात जात नाही." दीपा या सगळ्याला 'द कॅलेंडर थिंग' म्हणते. "मॉम, धिस इज इन्सेन," असं ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवते. तिचं चूक नाही. आमच्या स्वतःच्या बेडरूममध्ये खिडकीखाली डाग आला त्या दिवशी मी एकटीने ड्रेसर ओढत आणून तिथे लावला, तेव्हा ती दारात उभी राहून नुसती बघत होती.

तर त्या शनिवारी आम्ही आधी लताकडे गेलो. लताने पोहे केले होते. खाल्ल्याशिवाय काम नाही, असं पुरुषोत्तमने बजावलं. दिवाणखान्यात खिडकीच्या उजव्या कोपऱ्याखाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, बालाजीचं कॅलेंडर होतं. एवढं खाली कोणी कॅलेंडर लावत नाही, पण दिगंबरला त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं. या वेळी मात्र त्याची नजर तिथे गेली.

"वहिनी, तुमच्याकडे अजून मेच चालू आहे का?"

मी बघितलं. कॅलेंडर मे महिन्यावर होतं. आम्ही मेमध्ये त्यांच्याकडे जेवायला आलो होतो, त्यानंतर आजच. मधले महिने ते कपाटात पडून असणार. दिगंबर बशी हातात घेऊन उठला आणि पान उलटायला वाकला.

"राहू दे रे," पुरुषोत्तम म्हणाला, जरा मोठ्यानेच. "मे बरा आहे. थंडी लागत नाही."

सगळे हसले. दिगंबरही हसला आणि बसला. लताने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांतला शेंगदाणा चावत राहिले.

मग बाहेर जाऊन त्याने मोजलं. कंपनीच्या फॉर्मवर लिहिलं होतं की प्रत्येक भिंतीच्या मधोमध, जमिनीपासून चार फुटांवर मोजायचं. त्याने टेप लावून मधोमध खूण केली, ड्रिल चालवलं, सुया घातल्या. काटा अकरावर. दुसरी भिंत बारा. तिसरी अकरा. तो आकडा मोठ्याने सांगायचा आणि मी लिहायची. खिडकीचा कोपरा त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता. पाच हात लांब असता तरी मी काही बोलले नसते, आणि हातभर होता म्हणूनही बोलले नाही. झाल्यावर त्याने प्रत्येक भोक नीट बुजवलं आणि अंगठ्याने पुसून घेतलं.

"खणखणीत," तो म्हणाला. पुरुषोत्तमने त्याच्या पाठीवर थाप मारली.

प्रसन्न आणि संध्या आमच्यापेक्षा लहान. प्रसन्नला अमेरिकेतली पहिली नोकरी दिगंबरने मिळवून दिली, आणि ते तो अजून विसरलेला नाही. पुरुष मंडळी बाहेर गेल्यावर संध्याने मला आतल्या खोलीत नेलं. ती त्यांच्या मुलीची खोली होती, पण पलंग नव्हता.

"तिला आमच्याच खोलीत झोपवते आता," ती म्हणाली. "इथे फार वास येतो, शरयूताई."

तिने वारली चित्राची फ्रेम उतरवली. मागे भिंतीचे पोपडे निघाले होते आणि काळे ठिपके कोपऱ्यापासून खाली पसरले होते. संध्याने बोट टेकवलं. बोट आत गेलं, पेराएवढं. ती ते बाहेर काढून पदराला पुसायला गेली, मग आठवलं की आपण जीन्स घातली आहे.

"गॅरंटी एकतीसला संपते ना?" तिने विचारलं. "प्रसन्न काही बोलणार नाही. दिगंबरदादांचं नाव निघालं की तो गप्पच होतो. मीही तुम्ही म्हणाल तसंच करेन. पण मला नुसतं विचारायचं होतं, की तुम्ही काय म्हणणार आहात?"

बाहेर ड्रिल थांबलं. दिगंबर म्हणाला, "बारा!" मी वही उघडली आणि उभ्या उभ्या बारा लिहिलं. संध्या बघत होती. मला लाज वाटायला हवी होती, हे मला कळत होतं. वाटली नाही.

शैलेंद्र-सुमेधाकडेही तेच झालं. अकरा, अकरा, तेरा, आणि वर चहा.

रविवारी दुपारी दिगंबर रिपोर्ट लिहायला बसला. मी शेजारी बसून वहीतले आकडे वाचून दाखवत होते आणि तो फॉर्मवर उतरवत होता, सावकाश, एकेक अंक कोरत. तीन घरं झाली. चौथं आमचं.

"आपलं मोजायचं राहिलं," मी म्हटलं.

"लिही बारा."

"मोजलं कुठे?"

"आपलंच घर आहे, त्यात काय मोजायचं. चारही भिंती बारा लिही."

हा माणूस तापाची गोळी घेताना बाटलीवरचा मजकूर दोनदा वाचतो. न मोजता आकडा लिही, असं त्याला म्हणताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

तो फॉर्मकडे बघत राहिला. "ड्रेसरच्या मागचं ना? माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू ड्रेसर हलवलास त्याच्या आधीपासून. तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून मीच तिथे काहीतरी लावणार होतो. तेवढ्यात तू ड्रेसर आणलास. मला वाटलं, तुला उजेडात केस विंचरायचे असतील."

मला राग आला. इतका आला की मी टेबलाची कड धरली. दोन वर्षं मी फोन करत होते, चार घरांच्या बायकांना कामाला लावत होते, एकटीने ड्रेसर ओढून कंबर धरून बसले होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो त्याच भिंतीशेजारी झोपून मलाच सांभाळत होता. चीड आली, आणि इतक्या वर्षांनी काहीतरी आलं म्हणून मला जरा बरंही वाटलं.

"हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाकीची तीन कोरडी निघाली. आपल्या एका घरात बिल्डरने काहीतरी घोळ केला असेल. तेवढ्यासाठी सगळ्या मालाला नाव कशाला ठेवायचं?"

"कोरडी नाहीत."

"मी मोजली ना. तू लिहिलंस ना."

"भिंतीच्या मधोमध मोजलीत."

"फॉर्मवर तसंच आहे." मग तो थांबला. आमची भिंत कुठे ओली आहे ते त्याला माहीत होतंच.

"लताचं कॅलेंडर मेवर का होतं?" मी विचारलं. "कारण मेमध्ये आपण त्यांच्याकडे शेवटचं जेवलो. आपण येणार असलो की ते टांगतात आणि आपण गेलो की काढतात. संध्याकडे फ्रेम टांगतात. सुमेधाकडे शेल्फ सरकवतात. तिन्ही घरांत खिडकीखाली बोट आत जातं."

तो एकेक नाव घेऊन विचारायला लागला.

"पुरुषोत्तमला माहीत आहे?"

"खिळा त्यानेच मारला."

"प्रसन्नला?"

"हो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि निघण्याआधीचा फोन."

"तो मी करायची," मी म्हटलं. "तुम्ही परत खाली जाऊन बसाल म्हणून."

दिगंबर उठला. चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत उचलून घातला. मग तो वळला आणि बेसमेंटचं दार उघडून खाली गेला. मी त्याची पावलं ऐकली. तेरा पायऱ्या आहेत. तेराव्या पायरीनंतर आवाज बंद झाला.

मला भीती वाटली. ताट, पायरी, दीपाचा वाचण्याचा आवाज, पुरुषोत्तम माझ्याकडे न बघता जाणारा, सगळं परत समोर आलं. मी चूक केली असं वाटलं, आणि लगेच संध्याचं बोट आठवलं. आता दोन्हीपैकी काहीही बदलता येणार नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिले. फ्रिज सुरू झाला, बंद झाला. शेजारी कोणीतरी पानं गोळा करत होतं, त्या दंताळ्याची खरखर ऐकू येत होती.

मग पावलं वर आली. त्याच्या हातात ड्रिल होतं. ते शनिवारी त्याने खाली नेऊन ठेवलं होतं, हे मी विसरले होते.

तो माझ्याकडे न बघता यंत्र उचलून बाहेर गेला. मी वही घेऊन मागे गेले. आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली उजव्या कोपऱ्याशी तो गुडघ्यांवर बसला. टेप लावला नाही. ड्रिल आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याला भुसा नव्हता, काळा ओला लगदा होता. त्याने तो बोटांवर घेऊन पाहिला, पँटला पुसला आणि सुया घातल्या. काटा उजवीकडे गेला आणि काचेच्या कडेला जाऊन टेकला.

"लिही," तो म्हणाला.

"किती?"

"चाळीस. पुढे आकडा नाही."

मी लिहिलं. तो भोक न बुजवता उठला. हे त्याच्या हातून पहिल्यांदाच झालं असेल.

"तिघांकडे परत जायचंय," तो म्हणाला. "कुठे कुठे आहे ते तू दाखव. मला माहीत नाही." मग म्हणाला, "फोन कर. निघतोय म्हणून सांग."

मी स्वयंपाकघरात जाऊन लताचा नंबर फिरवला.

"लता, आम्ही निघतोय."

"आत्ता? कालच तर येऊन गेलात. बरं, पाच मिनिटं दे हं मला."

"पाच मिनिटं नकोत," मी म्हटलं. "काही टांगू नकोस."

लता अगदी हळू आवाजात म्हणाली, "भावजींना कळलं?"

"हो."

"बोलतायत ना ते?"

मी वळून पाहिलं. दिगंबर दाराशी स्टुलावर बसला होता. यंत्र मांडीवर होतं. एका बुटाच्या नाडीला गाठ बसली होती आणि काळ्या झालेल्या बोटांनी तो ती सोडवत होता.

"फारसं बोलत नाहीयेत," मी म्हटलं. "पण बूट घालतायत."